सोबतची यादी

परवा नात घरी बसून कंपनीचं काम करत होती. कानाला फोन लावून कुणा सहकाऱ्याला झापणं चाललं होतं. मी शेजारी बसून वालपापडीच्या शेंगा मोडत होते. तिच्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती झापते मराठीत, त्यामुळे कान तिकडे जातो. ती सांगत होती, अरे, त्या मेथडला तू कितीही वस्तू दे, एक दे, दहा दे, ती घेते. नुसता ॲरे दिलास तर तो उघडते आणि आतल्या एकेकाला वेगळं मोजते. पण तू त्या ॲरेच्या आधी एक सुटं नाव टाकलंस. मग ती ॲरे उघडत नाही. एक ते नाव आणि एक तो अख्खा ॲरे, झाले दोन. आत चाळीस असोत नाहीतर चारशे.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, मेथड आणि ॲरे म्हणजे काय गं. ती म्हणाली, मेथड म्हणजे ते मोजणारं काम, आणि ॲरे म्हणजे यादी समज आजी. मी विचारलं, मग ते कॉम्प्युटरचं यंत्र ओरडत नाही का, की बाई, चाळीस जण आत कोंडलेत म्हणून. ती हसली. म्हणाली, नाही ना, तीच तर पंचाईत आहे, गप्प बसतं आणि दोन म्हणून मोकळं होतं. यादी आधी आपण उघडायची, सुट्यांना आणि आतल्यांना मिळून एक नवी यादी करायची, मग ती द्यायची.

माझ्या हातात शेंग तशीच राहिली. हे सगळं मी साठ वर्षांपूर्वी ऐकलं होतं, तलासरीला, करंजाच्या झाडाखाली चिकूची पेटी उपडी टाकून तिच्यावर अर्ज लिहिणाऱ्या माणसाकडून. नारण राऊत त्यांचं नाव. सगळे नारणकाका म्हणत. "आधी उघड, मग मोज" हे त्यांचं पालुपद होतं, आणि आम्ही कचेरीतली माणसं त्यावर हसायचो.

कुठली कचेरी ते सांगत नाही. सरकारी होती एवढं पुरे. राज्यं वेगळी झाली त्यानंतरची ती वर्षं. अर्ध्या गावांचे कागद गुजरातीत, अर्ध्यांचे मराठीत, आणि काही गावांचे कागद हद्दीपलीकडे राहिलेले. वडील गेल्यावर मला तिथे आवक टेबलावर घेतलं होतं. मॅट्रिक झालेली, विशी ओलांडलेली, आणि कचेरीत एकटी बाई. आठवडाभर मावशीकडे राहायची आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की चारोटीवरून डहाणूला घरी. आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जायचा, याची मला त्या वयात मोठी ऐट होती. मेली ऐट कसली, शिक्का मारायचं काम ते.

नारणकाका आशागडचे. घरची चिकूवाडी, थोरला भाऊ बघायचा. हे शाळेत हुशार, पण वाडीत पाय टिकेना. भाऊ म्हणायचा, आमच्या नारणला झाडावरचा चिकू दिसत नाही, चिकूखालचा माणूस दिसतो. तर ते रोज सकाळच्या एसटीनं तलासरीला यायचे, धोतर, खाकी कोट, कोटाच्या खिशाला निळ्या शाईचा कायमचा डाग. वारली लोकांशी त्यांच्या बोलीत, दुकानदाराशी गुजरातीत आणि आमच्याशी कचेरीच्या मराठीत बोलायचे. अर्ज मात्र अगदी साधा. बाकीचे अर्जनवीस 'मायबाप सरकारचे चरणी' इथपासून सुरुवात करून अर्धं पान घालवायचे. यांच्या अर्जात पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत काय हवं ते.

त्यांची एक खोड तालुकाभर ठाऊक होती. समोरून पाड्यावरची दहा माणसं आली तर 'काय, बरे ना सगळे' म्हणून पुढे जाणं त्यांना जमायचं नाही. थांबायचे आणि एकेकाला विचारायचे. बरा आहेस ना, जान्या. बरी आहेस ना, सोने. आणि नुसतं विचारून नाही, उत्तराची वाट बघायचे. दहाव्या माणसानं 'बरा हाय' म्हटलं की मग पाऊल उचलायचे. यात त्यांची एसटी किती वेळा चुकली असेल त्याला गणती नाही. कंडक्टर म्हणायचा, नारणकाकांच्या मागं रांगेत उभा राहील तो उद्या पोचेल.

एकदा डहाणूला त्यांच्या नात्यात लग्न निघालं. पत्रिकेवर लिहिलं होतं, श्री. नारण राऊत आणि मंडळी. काकांनी पत्रिका परत नेऊन दिली. म्हणाले, माझ्या घरात मंडळी नावाचं कोणी राहत नाही, तुमची पत्रिका चुकून आली वाटतं. यजमानाला आधी थट्टा वाटली, मग राग आला. शेवटी त्यानं बायको, आई आणि दोन्ही मुली अशी चार नावं पत्रिकेवर लिहून दिली तेव्हा हे लग्नाला गेले. काकूंनी त्यावरून महिनाभर अबोला धरला, चारचौघांत हसं केलं म्हणून. पण ती पत्रिका त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती, मला दाखवली. स्वतःचं नाव शाईनं लिहिलेली ती त्यांच्या आयुष्यातली पहिली पत्रिका होती. सगळ्यांच्या घरी त्या 'मंडळी'च होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हे वेड त्यांना लागलं कुठून. तर त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती मी कचेरीत यायच्या आधीची. एका साली भाताचं बियाणं वाटायचं होतं. एका पाड्याची यादी झाली. ऐन वेळी तिघं जण आले, तर अर्ज लिहिणाऱ्यानं ती तीन नावं पहिल्या पानावर सुटी लिहिली आणि मागे यादी टाचली. बियाण्याचे वाटे आले चार. तीन सुट्या माणसांचे तीन, आणि अख्ख्या पाड्याचा मिळून एक. पाड्यावरच्या बायकांनी तो एक वाटा मुठी-मुठीनं वाटून घेतला. पेरायला पुरणार नाही हे दिसत होतं, म्हणून बऱ्याच जणींनी तो शिजवून खाल्ला.

अर्ज दुसऱ्या कुणी लिहिला होता, पण नारणकाकांनी त्याचा छडा लावला. कचेरीत कुठंही न लिहिलेला रिवाज त्यांनी शोधून काढला, आणि पुढे माझ्या टेबलावर मीही तोच चालवला. नुसती यादी आली की आवक टेबलावरून ती यादीच्या टेबलावर जायची. तिथला कारकून ती उघडायचा, आतलं एकेक नाव वहीत चढवायचा, प्रत्येकाला आपला नंबर मिळायचा. पण पहिल्या पानावर एक जरी सुटं नाव दिसलं, तर तो अर्ज सुट्यांच्या वहीत. त्या वहीत माझ्यासारखीनं काय करायचं, तर सुटी नावं एकाखाली एक लिहायची आणि त्यांच्याखाली पुढचा नंबर घालून लिहायचं, सोबतची यादी. तीन माणसं आणि एक यादी, झाले चार. उघडून बघणं हे त्या वहीचं काम नव्हतं.

हे कळल्यापासून काकांनी नियमच केला. सुटं आणि यादी एका अर्जात घालायची नाही. नव्यानं बसणाऱ्या अर्जनविसांना ते हे स्वतःहून शिकवायचे, तेही करंडीतला चिकू हातावर ठेवून. म्हणायचे, कागदाला आतलं दिसत नाही रे, त्याला बाहेरून जेवढे नग दिसतात तेवढेच खरे. माणसं त्यांचे चिकू खायची आणि मागे हसायची. मी पण हसले आहे.

मग आली ती प्लॉटांची गोष्ट.

जंगलातले एकसाली प्लॉट असायचे. एका सालापुरते कसायला दिलेले, दर साली परवानगी मागायची. नाचणी, वरी, कुठं थोडा भात. करवंदपाड्याची माणसं अशा जमिनी वर्षानुवर्षं कसत होती, पण त्यांच्या नावावर एक वीत नव्हती. त्या साली हुकूम निघाला की जे कसतात त्यांनी अमुक तारखेच्या आत अर्ज करावा, चौकशी होऊन प्लॉट कायम नावावर होईल. तारीख गेली की विषय संपला, आणि जे प्लॉट कुणाच्या नावावर होणार नाहीत तिथे सागाची लागवड. एवढं सरळ होतं. नाव चढलं तर जमीन, नाही चढलं तर साग.

नारणकाकांनी चार रविवार पाड्यावर घालवले. झोपडीत जायचे, ज्याचा प्लॉट त्याला बाहेर बोलवायचे, नाव लिहायचे, वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचे. एका वेळी एक माणूस. कुणी घाई केली तर उठून जायचे. एक्केचाळीस नावं झाली. खाली तलाठ्याची सही आणि शिक्का, 'एकूण नावे एक्केचाळीस' असं अक्षरी. मी इतकी नीट यादी त्या नोकरीत पुन्हा पाहिली नाही. प्रत्येक अंगठ्याखाली काकांनी बारीक अक्षरात पुन्हा नाव लिहिलं होतं, अंगठे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.

शेवटची तारीख शनिवारी होती. त्या सकाळी यादी घेऊन ते निघणार, तेवढ्यात पाड्यावरची तीन माणसं धापा टाकत झाडाखाली आली. नवशी नावाची एक विधवा, तिचा दीर लक्ष्या, आणि म्हातारा काकड्या. तिघं मिठागरावर कामाला गेली होती, आदल्या दिवशी परतल्यावर त्यांना हे कळलं. नवशी पेटीसमोर बसली आणि उठेचना. तिनं विचारलं, भाऊ, माझं नाव ऱ्हायलं का.

आता काय करायचं. यादीत घालावं तर तलाठ्यानं एकूण लिहून सही केलेली, आणि तलाठी सोमवारपर्यंत बाहेरगावी. तिघांचा वेगळा अर्ज करावा तर त्याला छापील नमुना लागतो, आणि आदल्या दिवशीच नमुने संपले होते. काका माझ्याकडे आले. मी कपाट उपसलं. एकही नमुना नव्हता, शेवटचा उरलेला काकांनी यादीसाठी आधीच नेला होता. हातानं लिहिलेला अर्ज हेडक्लार्क घेत नव्हते. तीन माणसांना परत पाठवायचं, नाहीतर तो एक नमुना सगळ्यांना मिळून वापरायचा, एवढंच हातात होतं.

बारा वाजून गेले होते. माझ्या टेबलासमोर रांग वळून पायरीपर्यंत गेलेली. नारणकाका रांग सोडून बाजूनं आले, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. हातात तो नमुना, वर तीन नावं लिहिलेली, मागे यादी टाचलेली. टाचणी अजून त्यांच्या बोटात धरलेली होती.

ते म्हणाले, "बाय, यादीच्या आधी तीन सुटी घातली आहेत. तू यादी उघडशील ना?"

मी म्हटलं, "उघडते हो काका. खाली एक्केचाळीस ओळी घालते. तुम्ही निर्धास्त जा."

ते गेले नाहीत लगेच.  टाचणी घट्ट केली, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन तिघांना एकेकाला सांगितलं, झालं तुझं, जा.

खोटं सांगायचं नाही. माझ्या मनात होतं की उघडायची. पण त्या संध्याकाळी डहाणूला मला बघायला येणार होते. एकची एसटी चुकली तर पुढची चारला. रांगेतले कागद संपता संपेनात. करवंदपाड्याच्या अर्जाची पाळी आली तेव्हा मी त्या पाड्याच्या पानावर तीन नावं लिहिली, आणि चौथ्या ओळीला हातानं सवयीनं लिहिलं, सोबतची यादी. म्हटलं, सोमवारी सकाळी लवकर येऊन खालच्या जागेत एक्केचाळीस नावं उतरवीन. वही मिटली आणि पळाले. मुलगा चांगला निघाला, पसंती झाली, माझा संसार त्या संध्याकाळी ठरला. ही नात, तिचं ते यंत्र, सगळं त्या एकच्या एसटीतून आलेलं आहे.

सोमवारी वही उघडली तर चौथ्या ओळीखाली हेडक्लार्कनं लाल रेघ मारलेली होती. मुदत संपली की अशी रेघ मारायचीच, त्यांचं काही चुकलं नाही. रेघेखाली अक्षर लिहिणं म्हणजे नोकरीवर पाणी. मी ती रेघ बघत बसले. तेव्हाच उठून साहेबांपुढं गेले असते, म्हटलं असतं की माझी चूक झाली, तर कदाचित निभावलं असतं. कदाचित शिव्या बसल्या असत्या आणि यादी उघडली असती. मी पान उलटलं. नारणकाका खिडकीतून दिसत होते, पेटीवर कुणाचा तरी अर्ज लिहीत. दुपारी आत येऊन त्यांनी नुसतं डोळ्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. होय अशी.

चार महिन्यांनी चौकशी लागली. करवंदपाडा सगळाच्या सगळा कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला होता, बायका, म्हातारे, काखेतली मुलं. शिपायानं पुकारा केला. नवशी आत गेली, अंगठा देऊन आली. लक्ष्या जाऊन आला. काकड्याला दोघांनी धरून नेलं. मग शिपायानं वही बघितली, पुन्हा बघितली, आणि पुकारलं, सोबतची यादी हजर आहे का.

ओट्यावरची एक्केचाळीस माणसं उठली.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं वही नारणकाकांपुढे फिरवली आणि समजावून सांगितलं, चौथ्या नंबरावर एक अर्जदार आहे, एका नंबराला एक प्लॉट, तुमच्यातला एक कोणी ठरवा. काका म्हणाले, साहेब, ती यादी आहे, उघडा, आत माणसं आहेत. साहेब म्हणाले, दिसतं आहे मला, पण वही बंद झाली आहे, रेघेखाली मी कुठं लिहू. मग ओट्यावरून म्हातारा जान्या पुढे आला. त्याला वाटलं असावं, हे काही अवघड नाही, साहेबाला नीट सांगितलं की झालं. तो म्हणाला, "आमी सगली यादीच हाव, सायेब. एक कसा निवडायचा?"

त्यांनी एक निवडला नाही. साहेबांनी तासभर थांबून पाहिलं, मग चौथ्या नंबरापुढं लिहिलं, अर्जदार निश्चित नाही, रद्द. मी माझ्या टेबलाशी उभी होते. काकांनी वहीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर ते ओळखायचे, 'द' फार वळणदार काढतेस म्हणायचे.  ओट्यावर जाऊन एकेकाला सांगायला लागले. एक्केचाळीस वेळा तेच वाक्य. मी खिडकी लावून घेतली.

पुढच्या पावसात प्लॉटांवर सागाची रोपं लागली. नवशीचा, लक्ष्याचा आणि काकड्याचा असे तीन तुकडे मधे राहिले. चहूबाजूंनी तार, आणि आत जायला दुसऱ्याच्या परवानगीची वाट. नवशीशी पाड्यावरच्या बायका पाणवठ्यावर बोलेनाशा झाल्या. तिनं काय केलं होतं बिचारीनं, फक्त उशिरा आली होती.

नारणकाकांनी मग एक्केचाळीस वेगळे अर्ज लिहिले. प्रत्येकाचा स्वतंत्र कागद, स्वतंत्र अंगठा, यादी कुठंच नाही. चार महिने ते दुसरं काही लिहीत नव्हते, गिऱ्हाइकं दुसऱ्या अर्जनविसांकडे गेली. वरच्या कचेरीला पाठवलेला तो गठ्ठा परत आमच्याकडे आला, लाल फितीनं बांधलेला, वर एक चिठ्ठी. प्रकरण पूर्वीच निकाली. तो काकांना परत पाठवायला जावक नंबर घालायचं काम माझ्याकडे आलं. मी फीत सोडली आणि एक्केचाळीस कागदांना एक्केचाळीस नंबर घातले, दुपारभर बसून. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय. संध्याकाळी हेडक्लार्कनं ते पाहिलं, डोकं फिरलंय का म्हणून विचारलं, चाळीस ओळींवर काट मारली आणि गठ्ठा पुन्हा बांधायला लावला. एक गठ्ठा, एक नंबर.

तो गठ्ठा द्यायला मी स्वतः झाडाखाली गेले. तिथंच सगळं सांगितलं. शनिवारचं, एसटीचं, रेघेचं, मान हलवली त्याचं. रडलेही असेन. मला वाटत होतं त्यांनी मला चार शब्द ऐकवावेत, म्हणजे माझं ओझं उतरेल. आपल्यालाच मोकळं व्हायचं असतं ना, त्यातही.

काका गठ्ठ्याची गाठ बोटानं चाचपत बसले होते. म्हणाले, "तुझ्या हातानं झालं, बाय. पण तुला काय ठाऊक होतं? मला ठाऊक होतं. बियाण्याच्या वेळेपासून ठाऊक होतं. तरी मी तुला विचारलं, कारण मला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं."

मी म्हटलं, तिघांना परत पाठवायला हवं होतं का मग.  त्यावर म्हणाले की रोज सकाळी उठल्यावर मनातल्या मनात ते नवशीला परत पाठवतात, आणि रोज ती पेटीसमोर बसून राहते. मग त्यांनी पेटीखालून एक चिकू काढून माझ्या हातावर ठेवला. मला तो खाववला नाही, वाटेत कुठंतरी ठेवून दिला.

माझं लग्न झालं, नोकरी सोडली, मी ठाण्याला गेले. काकांच्या बातम्या कानावर यायच्या. झाडाखाली बसतात पण अर्ज लिहीत नाहीत. कुणी कागद घेऊन आला की त्याला दुसऱ्याकडे पाठवतात. भावाच्या वाडीत चिकू उतरवायच्या दिवसांत पेट्या बांधायला बसतात, आणि एकेक चिकू हातात घेऊन बघत राहतात, म्हणून भावानं तेही बंद केलं. काकू गेल्या. मुली लग्न होऊन आपापल्या घरी. 'आधी उघड, मग मोज' त्यांच्या तोंडून परत कुणी ऐकलं नाही म्हणे.

शेवटचं पाहिलं ते चारोटीला. थोरल्याच्या वेळी मला सातवा लागला होता, नवरा माहेरी पोचवायला निघाला होता. नाक्यावर एसटी थांबली. नवरा चहाला उतरला, मी खिडकीशी बसून होते. पलीकडे हॉटेलासमोर एक ट्रक उभा होता, मागे माणसं उभी कोंबलेली, पायांशी मडकी, गाठोडी, कोंबड्या. वीटभट्टीला चालली होती, भिवंडीकडे. मुकादम हॉटेलवाल्याला सांगत होता, करवंदपाड्याची आहेत, एक गाडी आज, एक परवा.

आणि ट्रकच्या कडेनं नारणकाका चालले होते. कोट तोच, आता आत दोन माणसं मावतील एवढा सैल. फळीला हात धरून वर बघत एकेकापाशी थांबत होते. बरा आहेस ना, जान्या. वरून उत्तर यायचं, बरा हाय. बरी आहेस ना, सोने. बरी हाय. मला वाटलं होतं कुणी बोलणार नाही त्यांच्याशी. पण सगळे बोलत होते. थकलेल्या आवाजात, आपली पाळी आली की, जसं वर्षानुवर्षं बोलत आले तसं. ते उत्तराची वाट बघत होते आणि मगच पुढे सरकत होते.

निम्म्यावर आले असतील, तेवढ्यात ड्रायव्हर बसला आणि ट्रक हलला. काका चार पावलं बरोबर धावले, एकाला विचारलं, त्याचं उत्तर आलं की नाही ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. ट्रक मुंबईच्या बाजूला वळला. उरलेली माणसं तशीच गेली, न विचारलेली.

ते रस्त्यात उभे राहिले. मग वळले, आणि त्यांना एसटीच्या खिडकीत मी दिसले. ओळखलं. हळूहळू चालत खिडकीखाली आले. माझ्या पोटाकडे पाहिलं, डोळ्यांत थोडं हसू आलं. एसटी माणसांनी भरली होती, त्यांनी एकटीला मलाच विचारलं.

"बरी आहेस ना, बाय?"

आणि वर बघत उत्तराची वाट बघत राहिले.  मी पदर पुढे ओढला आणि दुसऱ्या बाजूला बघायला लागले. नवरा चहा घेऊन चढला, कंडक्टरनं घंटी मारली. गाडी आशागडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मान वळवली नाही.